कानानें वाचावयाचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राजांच्या वंशावळी, लढाया व तह हेच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. आणि बखरी, ताम्रपट व जुनीं पत्रें हीं त्या इतिहासाचीं साधनें होत, हें त्यांना वर्गांत शिकविलें जातें. परंतु जी विद्या कागदावर फारशी उतरलीच नाहीं, वाजली आणि हवेंत विरली, तिचा इतिहास कोणत्या साधनानें अभ्यासावा? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों, आणि उदाहरणादाखल अमेरिकेंतील जॅझ संगीत व त्यांतील गिटार हें वाद्य घेत आहों.

जॅझ हें संगीत विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरांत, कृष्णवर्णी लोकांमध्यें वाढीस लागलें. ज्यांचे आजे-पणजे गुलाम म्हणून विकले गेले होते, त्यांचीं श्रमगीतें, त्यांच्या मंडळ्यांतील भक्तिगीतें व लष्करी बँडाच्या चाली त्यांत मिसळल्या. त्याची मुख्य रीत अशी : गाण्याची चाल व तिच्या खालचे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळीं वाजणारे स्वरसमूह, ठरलेले असतात. बारा किंवा बत्तीस मापांचें तें आवर्तन पुनः पुनः फिरत राहतें, आणि वादक पाळीपाळीनें त्याच कॉर्डांवर नवी चाल तेथल्या तेथें रचीत जातो. ह्या एकट्याच्या वादनास सोलो म्हणतात. समेवर येणारी गवयाची तान ज्यांनीं ऐकली आहे, त्यांस ही कल्पना अगदींच परकी वाटूं नये.

असा सोलो आधीं कोठें लिहिलेला नसतो. तो आज आपणांस मिळतो तो केवळ ग्रामोफोनच्या तबकडीमुळें. जॅझच्या पहिल्या तबकड्या 1917 सालीं निघाल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें वादन मावत असे. हीच ह्या इतिहासाची ताम्रपटें; आणि तीं वाचण्याची लिपि म्हणजे सोलो ऐकून स्वरलेखनांत उतरविणें.

हें काम कसें करावें? प्रथम वाद्यास हात न लावतां सोलो अनेक वेळां ऐकावा. नंतर तो तोंडानें म्हणतां येईपर्यंत गुणगुणावा. कारण जें गळ्यांत बसलें नाहीं तें बोटांत बसत नाहीं. मग एकेक लहान वाक्य घेऊन त्याचे स्वर गिटारीवर शोधावे व कागदावर लिहावे, आणि त्याखालीं चालू असलेला कॉर्ड मांडावा. शेवटीं तबकडीबरोबर वाजवून तें ताडून पाहावें. वादन फार जलद असेल तर पूर्वीचे विद्यार्थी एक युक्ति करीत. तबकडी निम्म्या वेगानें फिरविली म्हणजे स्वरांचीं कंपनें निम्मीं होतात, आणि प्रत्येक स्वर बरोबर एक सप्तक खालीं येतो; स्वराचें नांव मात्र तेंच राहतें. आजचीं यंत्रें तर स्वर न उतरवितां वेग कमी करून देतात. परंतु स्वर कोणता, ह्याचा निवाडा कानासच करावा लागतो.

आतां ह्या रीतीनें हातीं काय लागतें तें पाहूं. 1928 व 1929 सालीं न्यूयॉर्क येथें दोन गिटारींच्या कांहीं तबकड्या निघाल्या. एक वादक लॉनी जॉन्सन हे कृष्णवर्णी होते. दुसऱ्याचें नांव तबकडीवर ब्लाइंड विली डन असें छापलें होतें. वस्तुतः ते फिलाडेल्फियाचे एडी लँग हे इटालियन घराण्यांतील गौरवर्णी वादक होते. दोन वर्णांच्या वादकांनीं उघडपणें एकत्र बसावें हें तेव्हांच्या समाजास रुचत नव्हतें. कागदानें जें झांकलें तें कान उघड करतो. दोघांचीं वादनें निरनिराळीं लिहून काढलीं म्हणजे जॉन्सन यांची ब्लूज गाण्यासारखी बोलणारी चाल, आणि तिच्याखालीं लँग यांनीं मांडलेले भक्कम कॉर्ड, अशा दोन परंपरा एकमेकींस मान देत चाललेल्या दिसतात.

दुसरें उदाहरण जँगो राइनहार्ट यांचें. बेल्जममध्यें 1910 सालीं जिप्सी कुटुंबांत जन्मलेल्या ह्या वादकाच्या राहत्या गाडीस 1928 सालीं आग लागली, आणि डाव्या हातांतील अनामिका व करंगळी जायबंदी झाली. पुढें 1934 सालीं त्यांनीं व व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यांनीं पॅरिस येथें तीन गिटारी, एक व्हायोलिन व एक बास एवढाच, ढोलविरहित असा प्रसिद्ध संच उभारला. त्यांचे सोलो उतरवून घेऊन केवळ दोन बोटांनीं वाजवूं गेल्यास एक गोष्ट ध्यानांत येते : ज्या ताना वाद्याच्या पडद्यांवरून लांबच लांब धांवतात, त्या दोन बोटांस सोयीच्या अशाच रचिलेल्या आहेत. व्यंगानें वाट अडविली नाहीं, नवी वाट आंखून दिली, हें चरित्रग्रंथ सांगतो. स्वरलेखन तें हातास पटवून देतें.

तिसरें उदाहरण आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें. साध्या गिटारीचा आवाज पितळी वाद्यांपुढें बुडून जाई. म्हणून ती बहुधा तालापुरतीच असे. 1936 सालीं गिब्सन कंपनीनें विजेची गिटार विक्रीस आणली, आणि 1939 सालीं ओक्लाहोमा शहरांत वाढलेले चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमन यांच्या संचांत दाखल झाले. त्यांचा सोलो लिहून पाहावा. त्यांत कॉर्डांची गर्दी नाहीं. सॅक्सोफोनसारखीं लांब, एकेका स्वराचीं वाक्यें आहेत, आणि तीं मापाची रेघ ओलांडून पुढें जातात. लेस्टर यंग यांच्या सॅक्सोफोनचे सोलो शेजारीं ठेवले म्हणजे हें वळण कोठून आलें तें कळतें. 1941 सालीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील मिंटन्स ह्या ठिकाणीं एका रसिकानें टिपून ठेवलेलीं त्यांचीं वादनें तीन मिनिटांच्या मर्यादेंतून सुटलेलीं आहेत. पुढें बीबॉप ह्या नांवानें गाजलेल्या पद्धतीचे अंकुर तेथें दिसतात. 1942 च्या मार्च महिन्यांत क्षयानें त्यांचा अंत झाला. वय अवघें पंचवीस. कीर्तीचा काळ दोन-अडीच वर्षांचा, तरी मागून आलेली जवळजवळ प्रत्येक पिढी त्याच तबकड्यांपुढें बसून शिकली.

कोणी पालक विचारतील, ही नक्कल नव्हे काय? उत्तर इंडियानापोलिसच्या वेस माँटगोमेरी यांनीं आपल्या आयुष्यानें दिलें आहे. त्यांस स्वरलिपि वाचतां येत नव्हती. वयाच्या सुमारें विसाव्या वर्षीं त्यांनीं चार्ली ख्रिश्चन यांची तबकडी ऐकली, गिटार घेतली, आणि ते सोलो केवळ कानानें पाठ केले. पहिली नोकरी त्यांस तेच सोलो जसेच्या तसे वाजविण्याबद्दल मिळाली. परंतु शेजाऱ्यांस त्रास नको म्हणून ते नखी सोडून अंगठ्यानें वाजवूं लागले, आणि त्यांतून एक मऊ, भरदार आवाज निघाला. पुढें 1960 च्या सुमाराच्या त्यांच्या तबकड्यांत आधीं एकेरी स्वर, मग दोन सप्तकांतील जोडस्वर, मग पूर्ण कॉर्ड, अशी चढती मांडणी आढळते. ती गुरूजवळ नव्हती. नक्कल तेथेंच थांबली असती तर ती नक्कल ठरती. ती पुढें चालली म्हणून तो अभ्यास झाला.

ही विद्या आमच्या प्रांतास अगदींच अनोळखी नाहीं. 1935 सालीं लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णी अमेरिकन संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. गोव्यांतील चर्चच्या शाळांत स्वरलिपि शिकलेले अनेक वादक त्या काळीं मुंबईंत होते. तबकड्या ऐकून त्यांनीं जॅझ आत्मसात केला, आणि पुढें त्यांतील कित्येकांनीं हिंदी चित्रपटांच्या संगीतास तें ज्ञान पुरविलें.

आज अनेक सोलो छापील मिळतात. त्यांचा उपयोग गणिताच्या पुस्तकामागील उत्तरांसारखा करावा : आधीं उदाहरण सोडवावें, मग उत्तर पाहावें. शिवाय कागदावर स्वर उतरतो. झोक, दाब व आवाजाची जात उतरत नाहीं. म्हणून लेखन पुरें झालें तरी तबकडीकडे परत यावेंच.

आणि शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा आपण लहानपणींच पाठ करतों. ती कानासही लागू आहे. जो वादक आज उत्तर देण्यास हयात नाहीं, त्यानें न वाजविलेला स्वर आपल्या सोयीसाठीं त्याच्या नांवावर लिहिणें हीही खोटी साक्षच. जेथें नीट ऐकूं येत नाहीं तेथें जागा मोकळी सोडावी व दुसऱ्या दिवशीं पुनः ऐकावें. ज्या लोकांना समाजानें पुढच्या दारानें आंत येऊं दिलें नाहीं, त्यांनीं आपली विद्या ह्या काळ्या तबकड्यांवर ठेवून दिली आहे. तिला न्याय देण्यास धन लागत नाहीं. सावध कान, धीर व प्रामाणिक लेखणी एवढेंच लागतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं निदान आठ मापें तरी अशा रीतीनें उतरवून पाहावीं, अशी आमची त्यांस विनंती आहे.