जेम्सटाउन का टिकलं?

गेल्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही दोघं व्हर्जिनियात मुलाकडे होतो. एका संध्याकाळी चौथीतली नात गृहपाठाचा कागद घेऊन माझ्याजवळ आली. तिकडे चौथीला राज्याचा इतिहास असतो. आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराज असतात, तसाच. कागदावर प्रश्न होता : ‘जेम्सटाउनची वसाहत का टिकली?’ खाली उत्तरासाठी तीन ओळींची जागा.

‘‘आजोबा, तुम्ही इतिहास शिकवायचात ना? मग सांगा.’’

शिकवायचो खरा. पण आमच्या पाठ्यपुस्तकातली अमेरिका सुरू व्हायची ती बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवण्यापासून. त्याआधीची दीडशेहून अधिक वर्षं एका परिच्छेदात आटोपायची, आणि त्या परिच्छेदातही धर्मासाठी देश सोडणाऱ्या मेफ्लॉवर जहाजाचीच कथा. मेफ्लॉवर १६२० चं. जेम्सटाउन त्याच्या तेरा वर्षं आधीचं, आणि तिथं गेलेल्या माणसांचा धर्माशी फारसा संबंध नव्हता. ती एका कंपनीची माणसं होती.

कागद सोमवारी द्यायचा होता. शनिवारी मुलानं गाडी काढली आणि आम्ही सगळेच जेम्सटाउन पाहायला निघालो. वाटेत नातीला मी त्याच्याही आधीची एक हकीकत सांगितली. १५८७ मध्ये इंग्रजांनी रोआनोक नावाच्या बेटावर बायकामुलांसह वस्ती केली होती. जॉन व्हाइट हा तिचा गव्हर्नर. तिथंच १८ ऑगस्टला त्याच्या मुलीला मुलगी झाली. नव्या खंडात इंग्रज आईबापांच्या पोटी जन्मलेलं ते पहिलं मूल, म्हणून नाव ठेवलं व्हर्जिनिया. नात दहा दिवसांचीही झाली नसेल-नसेल तोच आजोबा धान्य आणि मदत आणायला इंग्लंडला परतला. पुढच्या वर्षी स्पेनचं आरमार चालून आलं, जहाजं अडकली, आणि म्हाताऱ्याला परत यायला तीन वर्षं लागली. तो बेटावर उतरला त्या दिवशी नात बरोबर तीन वर्षांची व्हायची होती. वस्तीत माणूस नव्हतं. एका खांबावर ‘क्रोअटोअन’ हे शेजारच्या बेटाचं नाव कोरलेलं होतं, एवढंच. वादळामुळे त्याला त्या बेटावर जाताच आलं नाही.

‘‘मग ती मुलगी?’’ नातीनं विचारलं. तिचं पुढे काय झालं ते कोणालाच कळलं नाही, हे सांगताना मलाच जड गेलं.

जेम्सटाउन म्हणजे जेम्स नदीतलं एक सखल, दलदलीचं बेट. नदी इतकी रुंद की खाडीच वाटावी. जवळच तीन जहाजांच्या हुबेहूब प्रतिकृती नांगरून ठेवल्या आहेत : सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी. डिस्कव्हरी अवघी वीस टनांची. घारापुरीला जाणारी लाँच आठवून सौ. म्हणाली, ‘‘यातून समुद्र ओलांडला?’’ ओलांडला. डिसेंबर १६०६ मध्ये लंडनहून निघून ही जहाजं १६०७ च्या मे महिन्यात इथं लागली. उतरलेल्या शंभरावर जणांत एकही बाई नव्हती. पहिल्या दोन बायका आल्या त्या १६०८ च्या शरद ऋतूत.

त्यांना पाठवलं होतं लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीनं. राजा पहिला जेम्स यानं १६०६ मध्ये सनद दिली, भागधारकांनी पैसे घातले. सोनं शोधा आणि पलीकडच्या समुद्राकडे, म्हणजे शेवटी चीन-हिंदुस्थानकडे, जाणारी वाट शोधा, असा हुकूम होता. माणसंही त्या हिशेबानंच निवडलेली : निम्म्याच्या आसपास ‘सभ्य गृहस्थ’, हातानं काम करणं ज्यांना कमीपणाचं. सोनार आणि सोनं गाळणारे होते, शेतकरी मात्र शोधावे लागत. चकाकणारी माती जहाज भरून इंग्लंडला गेली. ती मातीच निघाली. नदीचं पाणी मचूळ, डासांचा सुळसुळाट. जानेवारी १६०८ मध्ये जहाज परत आलं तेव्हा ३८ जण जिवंत होते.

ते अडतीस तरी का जगले? शेजाऱ्यांच्या मक्यावर.

तो मुलूख रिकामा नव्हता. त्याला त्सेनाकोमाका असं नाव होतं. सुमारे तीस जमाती, पंधरा हजारांच्या आसपास लोक, आणि त्या सगळ्यांचा प्रमुख वाहुनसेनाका. इंग्रज त्याला पॉव्हाटन म्हणत. त्यांच्या बायका मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल, खाली भोपळ्याच्या पानांची सावली. आपल्याकडच्या मिश्र पिकासारखंच. पहिल्या शरद ऋतूत या लोकांनी किल्ल्यात मका आणून दिला. दयेपोटी दिला असं नाही. बदल्यात तांबं, मणी, कुऱ्हाडी मिळत होत्या आणि हे विचित्र पाहुणे आपल्या अमलाखाली राहतील असा पॉव्हाटनचा हिशेब असावा. पण दिला.

अडचण अशी की देणाऱ्यांच्याच घरी टंचाई होती. त्या भागातल्या जुन्या सायप्रस वृक्षांच्या खोडातली वर्षवलयं मोजून शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की १६०६ ते १६१२ हा तिथला ७७० वर्षांतला सर्वांत कोरडा सात वर्षांचा काळ होता. (रोआनोकच्या बाबतीतही तेच, तिथली वस्ती नाहीशी झाली ती वर्षं आठशे वर्षांतल्या सर्वांत भीषण दुष्काळाची.) दुष्काळात शेजाऱ्याकडे एकदा उसनं मागता येतं, दोनदा मागता येतं. तिसऱ्यांदा इंग्रजांनी बंदूक दाखवली. कॅप्टन जॉन स्मिथनं १६०९ च्या जानेवारीत पॉव्हाटनच्या ओपेचानकॅनो या भावाची शेंडी धरून छातीला पिस्तूल लावलं आणि मका वसूल केला. हे त्यानं स्वतःच अभिमानानं लिहून ठेवलंय. ओपेचानकॅनो हे नाव लक्षात ठेवा.

किल्ला म्हणजे लाकडी मेढेकोट. तो नदीत वाहून गेला असंच दोनशे वर्षं समजत होते. विल्यम केल्सो या उत्खननतज्ज्ञाचा त्यावर विश्वास नव्हता. १९९४ मध्ये त्यानं खणायला सुरुवात केली आणि मातीत कुजलेल्या खांबांचे काळे डाग ओळीनं सापडत गेले. आज त्याच जागी नवे खांब रोवले आहेत. नात त्यांना हात लावत पळत होती. मला मात्र शेजारच्या संग्रहालयातलं एक कपाट दिसलं आणि तिला मी दुसरीकडे वळवलं. १६०९-१० च्या हिवाळ्याला तिकडे ‘उपासमारीचा काळ’ म्हणतात. पॉव्हाटनच्या लोकांनी किल्ल्याला वेढा घातलेला, बाहेर पडलं की बाण. आतल्यांनी घोडे खाल्ले, मग कुत्री, मांजरं, उंदीर, जोड्यांचं कातडं. आणि त्यापुढेही गेले असं तेव्हाच्या काही कागदांत आहे. पण बरेच इतिहासकार त्याला अतिशयोक्ती समजत. २०१२ मध्ये एका तळघरातल्या कचऱ्यात, जनावरांच्या हाडांमध्ये, चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी सापडली. तिच्यावर सुरीचे घाव होते. अतिशयोक्ती नव्हती.

मे १६१० मध्ये साठेक माणसं उरली. ७ जूनला सगळे जहाजांत बसले आणि जेम्सटाउन सोडून निघाले. इतिहास तिथंच संपायचा. पण दुसऱ्याच दिवशी नदीच्या मुखाकडून नवा गव्हर्नर लॉर्ड डेलावेअर अन्नसामग्री आणि नवी माणसं घेऊन येत असल्याचा निरोप आला आणि त्यांना मागे फिरावं लागलं. कोणाकोणाला रडू आलं असेल, अशी माझी कल्पना.

नातीला रस होता पोकाहोंटासमध्ये. १९९५ चा तो कार्टूनपट तिनं अनेकदा पाहिलेला. त्यातली तरुणी स्मिथच्या प्रेमात पडते. खरी पोकाहोंटास तेव्हा अकरा वर्षांची होती. ‘‘म्हणजे तुझ्याहून थोडी मोठी,’’ म्हटल्यावर नातीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पोकाहोंटास हे तर लाडाचं नाव. तिचं खरं नाव अमोन्यूट, आणि घरच्यांपुरतं मातोआका. तिनं स्मिथला वाचवल्याची प्रसिद्ध गोष्ट त्यानं सविस्तर छापली १६२४ मध्ये, ती मरून गेल्यावर; इतिहासकार तिच्यावर फार विसंबत नाहीत. नक्की घडलं ते असं : १६१३ मध्ये इंग्रजांनी तिला फसवून जहाजावर नेलं आणि ओलीस ठेवलं. तिला बाप्तिस्मा देऊन रिबेका केलं. १६१४ मध्ये जॉन रॉल्फशी तिचं लग्न झालं. १६१६ मध्ये कंपनीनं तिला जाहिरातीसारखं इंग्लंडला नेऊन मिरवलं. परतीच्या वाटेवर ग्रेव्हसेंडला, मार्च १६१७ मध्ये, विशीतच ती वारली.

हा रॉल्फ जेम्सटाउनचा खरा भाग्यविधाता. त्यानं १६१२ च्या सुमारास वेस्ट इंडीजच्या गोड तंबाखूचं बी लावून पाहिलं, कारण स्थानिक तंबाखू इंग्रजांना कडू लागे. १६१७ मध्ये २० हजार पौंड तंबाखू लंडनला गेला. गंमत म्हणजे राजा जेम्सनं तंबाखूच्या निषेधार्थ १६०४ मध्ये पुस्तिका लिहिली होती, आणि त्याच १६१७ साली आग्र्याच्या जहांगीर बादशहानंही तंबाखूवर बंदी घातली. दोन्ही राजांचं प्रजेनं ऐकलं नाही. जेम्सटाउनमध्ये तर लोक रस्त्यातसुद्धा तंबाखू लावू लागले.

बादशहाचं नाव निघालं म्हणून आपल्याकडचा धागा सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर सर थॉमस स्माइथ. व्हर्जिनिया कंपनीचा कारभारही १६०९ पासून दहा वर्षं तोच पाहत होता. जेम्सटाउनला पहिली जहाजं नेणारा कप्तान न्यूपोर्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला आणि १६१७ मध्ये जावात वारला. जेम्सटाउनला लष्करी शिस्त लावणारा, पळून जाणाऱ्या उपाशी माणसांना हालहाल करून मारणारा सर थॉमस डेल १६१९ मध्ये मेला तो आपल्या मच्छलीपट्टणला, कंपनीच्या आरमाराचा सरदार म्हणून. तेच शेठ, तेच कप्तान. मग तिकडे एक घडलं आणि इकडे दुसरं, असं का?

माझं उत्तर असं. १६०८ मध्ये सुरतेला उतरलेल्या इंग्रजाला हवं होतं कापड. कापड विणायला विणकर लागतो, रंगवायला रंगारी, सौदा करायला दलाल, आणि वखार घालायला बादशहाचं फर्मान. इथल्या माणसांवाचून त्याचं पान हलत नव्हतं. व्हर्जिनियात मका पुरेपर्यंत तसंच होतं. तंबाखू आला आणि शेजाऱ्यांची गरज संपली. गरज उरली ती त्यांच्या जमिनीची. तंबाखू तीन-चार वर्षांत जमिनीचा कस खातो, मग नवी जमीन लागते. पॉव्हाटनचे लोक शेत काही वर्षं पडीक ठेवत. इंग्रजांनी ते पडीक म्हणजे बेवारस मानलं. त्यांची मोकाट डुकरं उभ्या मक्यात शिरत.

त्यात १६१८ मध्ये कंपनीनं नियम केला : जो एका माणसाचा प्रवासखर्च भरील त्याला ५० एकर. माणूस आणा, जमीन घ्या. १६३५ च्या अशाच एका नोंदीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असा एक नोकर आहे. आपल्याकडचा कोणी बिचारा, ५० एकरांचा धनी केलेला. पण धनी दुसराच. आणि १६१९ च्या ऑगस्टअखेर, वसाहतीची पहिली विधानसभा भरल्यावर महिनाभरात, अंगोलाहून पकडून आणलेली वीसेक माणसं पॉइंट कम्फर्टला उतरवण्यात आली. त्यांच्या बदल्यात धान्य देण्यात आलं.

२२ मार्च १६२२ ला सकाळी पॉव्हाटनचे लोक नेहमीसारखे इंग्रजांच्या घरांत आले आणि हाताशी असलेल्या हत्यारांनी त्यांनी ३४७ जणांना मारलं. दर चौघांतला एक. योजना ओपेचानकॅनोची. पिस्तुलाला तेरा वर्षं झाली होती. इंग्रजांनी सूड म्हणून वर्षानुवर्षं पिकाच्या दिवसांत जाऊन मक्याची शेतं जाळली. ज्या मक्यानं वाचवलं तोच. १६२४ मध्ये राजानं कंपनीची सनद काढून घेतली. तोवर सहा हजारांहून अधिक माणसं पाठवली गेली होती. पुढच्या वर्षीच्या गणनेत बाराशेच्या आसपास जिवंत भरली. कंपनी बुडाली, वसाहत टिकली.

१६४४ मध्ये ओपेचानकॅनोनं पुन्हा उठाव केला. तेव्हा तो इतका म्हातारा होता की त्याला खांद्यावरून न्यावं लागे. १६४६ मध्ये पकडल्यावर एका पहारेकऱ्यानं त्याला पाठीत गोळी घातली. त्याच वर्षी तह झाला. पॉव्हाटनच्या लोकांनी दरसाल वीस बीव्हरची कातडी गव्हर्नरला द्यायची.

नातीनं सोमवारी कागद दिला. पहिल्या ओळीत तिनं लिहिलं ‘मका’, दुसरीत ‘तंबाखू’. तिसरी बरेचदा खोडून कोरीच ठेवली.

बुधवारी, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, टीव्हीवर स्थानिक बातम्या चालू होत्या. रिचमंडला गव्हर्नरच्या बंगल्यासमोर पामंकी आणि मॅटापोनाय या जमातींचे प्रमुख पिसांचे मुकुट घालून उभे होते. समोर शिकार केलेली हरणं. बीव्हर कमी झाले तशी कातड्यांच्या जागी हरणं आली. पण साडेतीनशेहून अधिक वर्षं हा वार्षिक नजराणा चालू आहे. पामंकींकडे आज बाराशे एकरांच्या आसपास जमीन आहे, नदीच्या एका वळणात. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं त्यांना जमात म्हणून मान्यता दिली ती २०१५ मध्ये. आम्ही तहाची आमची बाजू पाळली आहे, असं ते सांगतात.

नातीनं सगळं नीट पाहिलं. मग म्हणाली, ‘‘आजोबा, तिसरी ओळ आत्ता सुचली. पण कागद तर सोमवारीच दिला.’’