कडी आतून

सुटकेनंतर : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण छाप्याच्या रात्रीपाशी थांबलो होतो. त्या रात्रीची बातमी दुसऱ्या दिवशी ठरलेल्या साच्यातून येते : अमुक इमारतीवर छापा, इतक्या मुलींची सुटका, त्यांची सुधारगृहात रवानगी. दलालाचीही रवानगीच होते, कोठडीत. जिला सोडवलं तिला आणि ज्याला पकडलं त्याला बातमी एकच क्रियापद लावते. यात सुधारायचं नेमकं कुणी, हा प्रश्न बातमीदाराला पडत नाही. खरं सांगायचं तर मलाही तो बरीच वर्षं पडला नव्हता.

ठाणे जिल्ह्यातल्या एका निवासगृहात मी काही काळ आठवड्यातून दोन दिवस जात असे. तिथली एक मुलगी, तिला आपण रेणू म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय सतराच्या आसपास, गाव बंगालमधल्या खाडीकाठचं. आल्या रात्रीपासून ती खाटेवर झोपेना. चादर घेऊन दाराशी जायची आणि दाराला पाठ लावून फरशीवर आडवी व्हायची. रात्रपाळीच्या बाईंना फेरीसाठी दार उघडता येईना. तिसऱ्या रात्री आरडाओरडा झाला. ‘खाटा काय शोभेला मांडल्यात?’ वगैरे. सकाळी नोंदवहीत शेरा पडला : ‘सहकार्य करत नाही.’

समुपदेशिकेनं तिला एवढंच विचारलं, ‘दाराशी झोपलीस की काय होतं?’ रेणू म्हणाली, ‘कुणी दार ढकललं तर कळतं.’

कोठ्यावर तिच्या खोलीला आतून कडी नव्हती. बाहेरून होती. इथंही तसंच होतं. गादी स्वच्छ, भात गरम, भिंतीवर सुविचार. पण दार कधी उघडायचं ते दुसऱ्याच्या हातात.

आघाताची जाण ठेवून शुश्रूषा करायची म्हणजे काय, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. या विचाराचं इंग्रजी नाव गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर रुळलं. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत त्याला ‘आघात-सजग’ म्हणतात. शब्द ओढूनताणून केलेला आहे, पण चालवून घेऊ. मूळ प्रश्न साधा आहे. ‘हिला झालंय काय?’ असं विचारण्याऐवजी ‘हिच्यावर काय गुदरलंय?’ असं विचारायचं, आणि मग घराचे नियम त्या उत्तराशी ताडून पाहायचे.

ताडून पाहिलं की बरंच काही खटकायला लागतं. कोठ्यावर घरवालीनं नाव बदललेलं असतं. इथं नोंदणीच्या टेबलावर तिचं नाव, वय, गाव चार वेळा विचारून घेतात, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं की ‘खोटारडी’ ठरवतात. कोठ्यावर जाग रात्रीची. इथं पहाटे साडेपाचला प्रार्थनेची घंटा. दोन-तीन वर्षं रात्रभर जागलेल्या शरीराला ती घंटा म्हणजे नुसता जाच. तिकडे गिऱ्हाइकासमोर उभं करत. इकडे देणगीदार पाहायला येतात तेव्हा ओळीत बसवतात. लिपस्टिक काढून घेतात, ‘ते सगळं आता विसरायचं’ म्हणून. हेतू सगळ्यांचेच चांगले असतात. शरीराला हेतू कळत नाही. किल्ल्यांचा जुडगा वाजला, जिन्यावर चपला वाजल्या, कुणाच्या अंगाला अत्तराचा वास आला, की ते जुन्याच हिशेबानं दचकतं.

भाषेचा मामला तर आणखी गुंतागुंतीचा. रेणूला हिंदी येत होती, म्हणून समुपदेशन हिंदीतून सुरू झालं. पण ती हिंदी ती शिकली होती कोठ्यावर. त्या भाषेतली तिची क्रियापदं म्हणजे हुकूम : बैठ, उठ, चल, जल्दी कर. त्याच भाषेत तिला ‘मन मोकळं कर’ म्हणायचं! बंगाली बोलणारी दुभाषी मिळेपर्यंत कामापुरते शब्द तेवढे खुणांनी चालले. ‘भात’ मात्र मराठीत आणि बंगालीत भातच.

आणि ‘मावशी’. आपल्याकडे शाळेत, दवाखान्यात, वसतिगृहात काम करणारी बाई म्हणजे मावशी. यात आपुलकीच आहे. रेणूला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, ‘काही लागलं तर मावशींना सांग.’ ती भिंतीला चिकटली. कोलकात्याच्या सोनागाछीत कोठेवालीला ‘माशी’ म्हणतात, आणि मुंबईला येण्याआधी रेणू तिथं होती. हे आम्हाला कळायला पंधरा दिवस लागले. मग त्या बाईंनीच तिला विचारलं, ‘तू मला काय म्हणशील?’ रेणूनं विचार करून सांगितलं, ‘काकी.’ तोही शब्द दोन्ही भाषांतला. त्या दिवसापासून अख्ख्या घरात त्या काकी झाल्या.

आता आठवणीविषयी, कारण तपासात आणि खटल्यात सगळ्यात मोठा गैरसमज इथंच होतो. युरोपात तस्करीतून सुटलेल्या १९२ स्त्रियांचा कॅथी झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सेवाकेंद्रात नुकत्याच दाखल झालेल्या त्या स्त्रियांपैकी ८२ टक्क्यांना डोकेदुखी होती, जवळपास तितक्याच लगेच थकत होत्या, आणि ६२ टक्क्यांना आठवायला त्रास होत होता. नेमक्या याच दिवसांत आपण त्यांचा जबाब घेतो. तारीख विचारतो, मजला विचारतो, कोण आधी आलं, कोण नंतर आलं ते विचारतो. जीव मुठीत धरून काढलेला काळ स्मरणात सलग साठत नाही. वास राहतो, पंख्याचा आवाज राहतो, छताचा एक कोपरा लख्ख राहतो. वार आणि क्रम हरवतो. ज्या क्षणी पळता येत नाही, लढता येत नाही, त्या क्षणी कित्येकींचं मन शरीर सोडून त्या छताच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. ती खाली घडत असलेलं वरून पाहते. अशा मुलीनं सपाट आवाजात, न रडता हकिकत सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं, हिला काहीच वाटत नाही.

त्यात शिकवलेलं खोटंही असतं. ‘पोलीस मारतील, संस्थेवाले पुन्हा विकतील, वय एकवीस सांग’ हे महिनोन्‌महिने घोकून घेतलेलं असतं. छाप्याच्या वेळी मुलींना माळ्यावर, भिंतीतल्या चोरकप्प्यात कोंबलेलं असतं, तेही ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणून. आणि तापानं फणफणली असताना हिला पेज करून देणारीही तीच घरवाली असते. तिच्याविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. बाहेरच्याला हे अजब वाटतं. ज्या घरात मार आणि माया एकाच हातून मिळते, अशा घरात वाढलेल्या कुणालाही ते अजब वाटणार नाही.

मग उपचार करायचे कसे? ‘बोललीस की मोकळी होशील’ हा आपला आवडता सल्ला. मला तो घाईचा वाटतो. जुडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ साली ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग जगाशी पुन्हा नातं. आठवण दुसऱ्या क्रमांकावर आहे. पायाखाली जमीन नसताना हकिकत वदवून घेतली तर मुलगी ती सांगत नाही, पुन्हा भोगते. म्हणून पहिले काही आठवडे काम असतं ते झोपेचं, जेवणाचं, पाळीच्या दुखण्याचं, त्वचेच्या आजारांचं. घाबरगुंडी उडाली तर पाय जमिनीला टेकवायचे, खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, गार पाण्याचा पेला हातात धरायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण ‘मी आत्ता इथं आहे’ ही खबर शरीराला अशीच द्यावी लागते. एचआयव्हीची तपासणीसुद्धा २०१७ च्या कायद्यानुसार समजावून सांगून, संमती घेऊनच करायची असते. ‘सगळ्यांची करून टाकू’ हा सोयीचा मार्ग कायद्यानंच बंद केलेला आहे.

पुढच्या टप्प्यावर ठरावीक पद्धतीचे मानसोपचार कामी येतात, आणि त्यासाठी दर वेळी मोठे डॉक्टरच लागतात असंही नाही. काँगोमध्ये युद्धात पोळलेल्या आणि लैंगिक शोषण झालेल्या ५२ मुलींवर झालेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. गटात बसून, पंधरा सत्रांत, आघातावर केंद्रित अशी वर्तनोपचार पद्धत तिथं वापरली गेली. सत्रं घेणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. ज्या मुलींना उपचार मिळाले त्यांची लक्षणं उपचारांची वाट पाहणाऱ्या गटापेक्षा ठळकपणे उतरली. कोलकात्याची ‘संवेद’ ही संस्था २००४ पासून शब्दांना वळसा घालून शरीराकडून सुरुवात करते, नृत्य आणि हालचालींमधून. जे शरीर दुसऱ्यांनी वापरलं ते आधी आपलं म्हणून हलवून पाहायचं. माझा स्वतःचा नाचाशी काही संबंध नाही, पण हा तर्क मला पटतो.

आता त्या बाहेरून बंद होणाऱ्या दाराकडे परत येऊ, कारण तिथं मला सोपं उत्तर सापडत नाही.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई पोलिसांनी मोठे छापे घातले. चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया बाहेर काढल्या, त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येनं होत्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला कां-कूं करत राहिलं. महिनोन्‌महिने त्या इथल्या गृहांत अडकून पडल्या; शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी शंभराहून अधिक जणींना मायदेशी नेलं. त्यांच्यापैकीच काही जणींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ उभा केला. तस्करीतून वाचलेल्यांनीच चालवलेली संस्था. २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांच्याविषयी दोन देश ‘यांचं करायचं काय’ म्हणून डोकं खाजवत होते, त्यांनी पुढे इतरांचं पुनर्वसन केलं.

आपला १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा मात्र दंडाधिकाऱ्याला अजूनही अधिकार देतो, की चौकशीनंतर गरज वाटली तर तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येईल. सज्ञान बाईलाही. मालाडहून २०१९ मध्ये ताब्यात घेतलेल्या तीन सज्ञान स्त्रियांना असंच वर्षभर ठेवण्याचा आदेश झाला होता. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द करून त्यांना सोडायला सांगितलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही राज्यांना सांगितलं, की संरक्षणगृहांची पाहणी करा आणि मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना सोडण्याची कालबद्ध व्यवस्था करा. माझं मतही तेच. सज्ञान बाईला कोंडून केलेल्या कशालाही उपचार म्हणता येत नाही.

पण रेणू सतरा वर्षांची होती. आणि फाटकाबाहेर खरोखरच माणसं उभी राहतात. ‘आत्या’ बनून, शिक्क्याचे कागद घेऊन, मिठाईचा पुडा घेऊन. अधीक्षिकेची भीती खोटी नसते. एक मुलगी चुकीच्या आत्याबरोबर गेली तर ती पुन्हा सापडेल याची खात्री नसते. अशा वेळी फाटकाला कुलूप लागणारच. मग निदान एवढं तरी करता येतं : कुलूप का आहे, ते कोण उघडतं, बालकल्याण समितीपुढची तारीख कधी आहे, तिथं तिला काय विचारतील, हे तिला तिच्या भाषेत सांगायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून दाखवायचं. कोठ्यावर तारखा नव्हत्या. ‘कर्ज फिटलं की’ एवढंच होतं, आणि कर्ज फिटत नसे.

खोलीच्या दाराचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आतून कडी बसवायला अधीक्षिकेचा विरोध होता. एखादीनं आत जिवाचं बरंवाईट केलं तर? आक्षेप खरा होता. शेवटी सुतारानंच तोड काढली : काही न्हाणीघरांना असते तशी कडी, आतून लागते, पण अडीअडचणीला बाहेरून खाचेत नाणं घालून फिरवता येते. खर्च किरकोळ. नाणं कुठं ठेवलंय ते मुलींनाही सांगितलं, आणि ते वापरायचं तर आधी तीनदा दार वाजवायचं असं ठरलं. अकराव्या रात्री रेणू खाटेवर झोपली.

दार वाजवण्याची सवय मोठ्यांना जड गेली. काकींचं सोडून. त्यांची ड्यूटी बारा तासांची, नोकरी कंत्राटी, प्रशिक्षणाला त्यांना कधी कुणी बोलावलं नव्हतं. शिबिराचं प्रमाणपत्र असायचं ते साहेबांच्या भिंतीवर. रात्री दोनला दचकून उठलेल्या मुलीशेजारी बसायच्या त्या काकीच. या बसण्यानंतर त्यांच्या झोपेचं काय होतं, हे नोंदवायला कुठल्याही वहीत रकाना नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, ‘घरी गेले की आधी आंघोळ करते, मग नातवाला घेते. तोवर कुणाशी बोलत नाही.’

(पुढच्या लेखांकात : साक्ष देण्याची तारीख)