एकापासून मोजणारा माणूस

रावेतच्या बंधाऱ्यावर उभं राहिलं की पवना नदी लहानशीच वाटते. पण पिंपरी-चिंचवडसाठी इथून रोज सुमारे ५० कोटी लिटर पाणी उचललं जातं. हा आकडा वर्तमानपत्रात इतक्या वेळा येतो की डोळा त्यावरून नुसता सरकतो. म्हणून तो जरा फोडून पाहू. सेकंदाला जवळपास ५,८०० लिटर. पंधरा लिटरची बादली धरली तर दर सेकंदाला ३८६ बादल्या. हेच पाणी दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये भरायचं ठरवलं तर रोज ५०,००० टँकर लागतील. आठ-आठ मीटरचे ते टँकर एकामागे एक उभे केले तर रांग होईल ४०० किलोमीटरची. रावेतहून मुंबई, मुंबईहून परत रावेत आणि पुन्हा मुंबई.

हे सगळं माणसांसाठी. १९७१ साली या पट्ट्याची लोकसंख्या एक लाखाच्याही आत होती. १९८२ मध्ये महापालिका झाली, १९९७ मध्ये रावेतसारखी गावं तिच्यात आली आणि २०११ च्या जनगणनेत आकडा १७ लाख २७ हजारांवर पोचला. चाळीस वर्षांत सतरा पटींहून जास्त. त्याच चाळीस वर्षांत जगाची लोकसंख्या दुप्पटसुद्धा झाली नाही.

शहराचे असे आकडे ऐकून बहुतेकांचा धीर सुटतो. त्या आकड्यांना न घाबरता मोजत राहिलेला एक अमेरिकन आर्किटेक्ट जवळपास अर्धं शतक पुण्यात राहिला. त्याचं नाव ख्रिस्तोफर चार्ल्स बेनिंजर. त्यांची मोजण्याची रीत वेगळी होती. ते वरून खाली येत नसत, एका माणसापासून वर जात.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९४२ चा, ओहायो राज्यातल्या हॅमिल्टन गावातला. लहानपण गेलं फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल या विद्यापीठाच्या गावात. वडील तिथे प्राध्यापक. घरात बांधकामाचा धंदा नाही, कंत्राटदारी नाही, वारशानं आलेला व्यवसाय नाही. एका नाताळात हातात आलेल्या पुस्तकानं या मुलाची वाट ठरवली. ते होतं आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांचं ‘द नॅचरल हाउस’.

राइट हे स्वतः आकड्यांचं एक प्रकरण आहे. ९१ वर्षांचं आयुष्य, सत्तरएक वर्षांची कारकीर्द, १,११४ रचना आणि त्यांपैकी ५३२ प्रत्यक्षात उभ्या. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाचं काम त्यांच्याकडे १९४३ मध्ये आलं आणि इमारत उघडली १९५९ मध्ये. सोळा वर्षं. उद्घाटनाला सहा महिने उरले असताना राइट गेले. १९५६ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांनी शिकागोसाठी एक मैल उंचीची इमारत कागदावर मांडली: ५२८ मजले आणि एक लाख माणसांची सोय. रावेतमधला बावीस मजली टॉवर डोळ्यांसमोर आणा. तसे चोवीस टॉवर एकावर एक रचले की ५२८ मजले होतात. उंची १,६०९ मीटर. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून थेट कळसूबाईएवढी भिंत. अशा सतरा-अठरा इमारतींत २०११ चं अख्खं पिंपरी-चिंचवड मावलं असतं. आज जगातली सर्वांत उंच इमारत, दुबईचा बुर्ज खलिफा, ८२८ मीटरची आहे. राइटच्या स्वप्नाच्या ती निम्म्यावर आहे.

गेन्सव्हिलच्या मुलाच्या हाती पडलं ते पुस्तक मात्र या मैलभर उंचीचं नव्हतं. १९५४ चं ते पुस्तक साध्या कुटुंबाच्या साध्या घराविषयी होतं. राइट यांनी मॅडिसन शहरात १९३७ च्या सुमारास एका पत्रकाराला बांधून दिलेलं घर, आर्किटेक्टच्या फीसकट, ५,५०० डॉलरमध्ये उभं राहिलं होतं. मला वाटतं, बेनिंजर यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी इथंच आहे. त्यांनी मोठा राइट घेतला नाही, लहान घराचा राइट घेतला.

फ्लोरिडा विद्यापीठ, मग हार्वर्ड, मग एमआयटी. हार्वर्डला होझे लुई सर्ट हे गुरू. साठच्या दशकात शहरांचा विचार करणाऱ्यांमध्ये ग्रीसच्या कॉन्स्टंटिनोस डॉक्सिआडिस यांचं नाव गाजत होतं. त्यांनी मानवी वस्तीची पंधरा पायऱ्यांची शिडी मांडली होती. पहिल्या पायरीवर एक माणूस. दुसरीवर खोली, माणसं दोन. तिसरीवर घर, पाच. मग ४०, २५०, १,५००, १०,०००, ७५,०००, पाच लाख, चाळीस लाख... प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या साधारण दोन ते आठ पट. पंधराव्या पायरीवर सगळ्या पृथ्वीचं एकच शहर आणि त्यात ५,००० कोटी माणसं. आजचं जग आठशे कोटींच्या जरा पुढे आहे, म्हणजे आपण चौदावी पायरी नुकतीच ओलांडली आहे.

या शिडीवर रावेतचा टॉवर ठेवून पाहा. बावीस मजले, मजल्याला चार फ्लॅट, म्हणजे ८८ घरं. घरटी चार माणसं धरली तर ३५२. डॉक्सिआडिस यांच्या हिशेबात २५० माणसांचं म्हणजे एक गाव. एका टॉवरमध्ये एक गाव राहतं, थोडं जास्तच. गावाला पार असतो, देऊळ असतं, पाणवठा असतो, चावडी असते. कुणी आजारी पडलं तर कळण्याची एक जागा असते. टॉवरला लिफ्ट असते आणि तिच्यात एका वेळी आठ-दहा माणसं मावतात. त्यांनीही वर-खाली जाताना एकमेकांशी बोलायला हवं असं काही नाही.

शहरात माणसानं माणसाला भेटायचं कुठे, या प्रश्नात बेनिंजर यांचं आयुष्य गेलं. १९६८ मध्ये ते फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अहमदाबादला आले. परत जाऊन हार्वर्डला शिकवू लागले आणि १९७१ मध्ये ती नोकरी सोडून पुन्हा अहमदाबादला आले. तिथे बाळकृष्ण दोशी यांच्याबरोबर त्यांनी नियोजनाचं शिक्षण देणारी शाळा उभी केली. (हे दोशी आपल्या पुण्याचे, जन्म १९२७ चा, पुढे २०१८ मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय.) हार्वर्डची खुर्ची सोडणाऱ्या त्या माणसाचं वय तेव्हा तिशीच्याही आत होतं.

सत्तरच्या दशकात झोपडपट्टीचा हिशेब सरकारला सुटत नव्हता. लाखो घरं हवीत आणि पैसे हजारो घरांपुरते. बेनिंजर आणि त्यांच्यासारख्या काहींचं म्हणणं असं की घर बांधून देऊच नका. जमिनीचा छोटा तुकडा द्या, नळ द्या, गटार द्या, संडास द्या, मालकीचा कागद द्या. भिंती माणूस आपल्या कमाईनं चढवेल, यंदा एक खोली, दोन वर्षांनी दुसरी. मद्रासच्या अरुंबाक्कममध्ये त्यांनी या धर्तीवर काम केलं. गणित साधं आहे. पूर्ण घराच्या पैशात अशा अनेक कुटुंबांची जागा पक्की होते. आपल्याकडच्या चाळी आणि वाड्या पाहिलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. आपली गावं अशीच, खणाखणानं वाढली.

१९७६ मध्ये ते पुण्यात आले आणि अनिता गोखले-बेनिंजर यांच्याबरोबर त्यांनी सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज अँड अॅक्टिव्हिटीज ही संस्था सुरू केली. त्यानंतर पुणं सुटलं नाही.

मुळशी तालुक्यात खुबवलीजवळ डोंगरावर त्यांनी आखलेलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, १९९७ चं. सह्याद्रीचा काळा दगड, उतरती छपरं, मधे अंगणं. जमीन १७५ एकर, विद्यार्थी सुमारे २४०. दर विद्यार्थ्यामागे २९ गुंठे. एवढी जागा हाती असूनही इमारती डोंगरभर पसरलेल्या नाहीत. वर्गातून ग्रंथालयात, तिथून जेवणघरात माणूस पायी जातो आणि वाटेत चार माणसं भेटतातच. या कामाला २००० साली अमेरिकेत मोठा पुरस्कार मिळाला. मग हडपसरचं सुझलॉन वन अर्थ हे कचेऱ्यांचं संकुल. तिथे उलट परिस्थिती होती: सुमारे दहा एकर जमीन आणि आठ लाख चौरस फूट बांधकाम. तिथेही त्यांनी आकाशाकडे धाव घेतली नाही. अंगणं आणि पाण्याची कुंडं मध्ये ठेवली आणि कचेऱ्या त्यांच्याभोवती बसवल्या.

आता सर्वांत मोठा आकडा, आणि गंमत म्हणजे तो लहान आहे. भूतानची राजधानी थिंफू. तिच्या २००२ ते २०२७ या पंचवीस वर्षांचा आराखडा पुण्यातल्या या माणसाच्या कचेरीत तयार झाला. भूतान देश ३८,३९४ चौरस किलोमीटरचा. २०१७ च्या जनगणनेत तिथली माणसं ७,२७,१४५. पिंपरी-चिंचवडची २०११ ची संख्या याच्या दुपटीहून जास्त, आणि आपलं क्षेत्र १८१ चौरस किलोमीटर. भूतानमध्ये माणशी १३ एकर जमीन येते. आपल्याकडे नदी, रस्ते, कारखाने, टेकड्या सगळं धरून माणशी एक गुंठा. दाटी पाचशे पट.

तरी त्या आराखड्यातली सूत्रं आपल्याला जशीच्या तशी लागू पडतात, कारण ती आकड्यांवर नव्हे, माणसावर बेतलेली आहेत. त्यांची दहा तत्त्वं आहेत. मला त्यातलं सहवासाचं तत्त्व सर्वांत मोलाचं वाटतं. शहरात एकट्या माणसाला बसायला जागा हवी, दोन मित्रांना भेटायला जागा हवी, कुटुंबाला हवी, आळीला हवी, समाजाला हवी आणि मग सगळ्या नगराला हवी. पुन्हा तीच शिडी. एकही पायरी गाळायची नाही. आपली नवी उपनगरं नेमकी मधल्या पायऱ्या गाळून बांधली गेली. आपल्याकडे फ्लॅट आहे आणि एकदम सतरा लाखांचं शहर आहे. चाळीस माणसांची आणि अडीचशे माणसांची जागा नाही. हा दोष उंचीचा नाही. उंच इमारतीतही प्रत्येक चार-पाच मजल्यांवर एक मोकळा, वाऱ्याचा चौक ठेवता येतो. नकाशात तो मागावा लागतो, एवढंच.

बेनिंजर २ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले, वयाच्या ८१ व्या वर्षी. त्यांच्या जन्माच्या वेळी जगात सुमारे २३० कोटी माणसं होती, जाताना आठशे कोटींच्या वर.

रावेत, पुनावळे, किवळे इथल्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या सोसायटीची पुढची वार्षिक सभा भरेल तेव्हा पार्किंगच्या जागांचा हिशेब होईलच. तो झाला की एक प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा: आपल्या इमारतीतल्या साडेतीनशे माणसांना एकत्र बसायला सावलीची जागा किती चौरस फूट आहे?