सेरेंगेटीचे प्रवासी

शाळेच्या भूगोलांत उष्ण कटिबंधांतील गवताळ प्रदेशांवर एक धडा असतो. त्यांत आफ्रिकेच्या वांट्यास चार-पांच ओळी येतात: उन्हाळ्यांत पाऊस, हिंवाळ्यांत कोरडी हवा, उंच गवत, सिंह, जिराफ व झेब्रे. तो धडा आम्हीं अनेक वर्षें शिकविला. तेथील जनावरें एका जागीं राहतच नाहींत, ही गोष्ट मात्र त्या ओळींत नसे. आणि त्या प्रदेशाचें सारें मर्म ह्या एका गोष्टींत आहे.

टांझानियाच्या उत्तरेस सेरेंगेटीचें राष्ट्रीय उद्यान आहे, व त्यास लागून केनियांत मसाई मारा हें राखीव रान. सेरेंगेटी हें नांव मसाई भाषेंतून आलेलें असून त्याचा भाव 'जेथें भूमि पसरतच जाते' असा सांगतात. ह्या भूमीचा मुख्य रहिवासी नू, किंवा इंग्रजी नांवानें वाइल्डबीस्ट. विधात्यानें उरलेसुरले अवयव जोडून हा प्राणी केला असावा असें त्याला पाहून वाटतें: शिंगें गाईचीं, शेंपूट घोड्याचें, दाढी बोकडाची, आणि पाठ मागें उतरती. परंतु हें कुरूप जनावर चालण्यांत कोणास हार जात नाहीं. वर्षभरांत तें आठशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा फेरा पुरा करतें. आडवळणें धरलीं तर ती मजल पुष्कळच वाढते. बरोबर दोन लक्षांवर झेब्रे आणि लहान हरणांचे कळपच्या कळप. संस्कृतांतील मृग ह्या शब्दाचा संबंध 'शोधणें' अशा अर्थाच्या धातूशीं जोडतात. येथें तो शब्द अक्षरशः सार्थ होतो.

फेऱ्याचा आरंभ कोठें मानावा? चक्राला आरंभ नसतो. पण आम्ही जन्मापासून धरूं. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत हे कळप दक्षिणेकडील आंखूड गवताच्या मैदानांत असतात. ओल्डोइन्यो लेंगाई, म्हणजे मसाई लोकांचा 'देवाचा डोंगर', हा एक जागृत ज्वालामुखी तेथून पूर्वेस आहे. त्याची व त्याच्या विझलेल्या शेजाऱ्यांची राख हजारों वर्षें ह्या मैदानांवर पडत आली आहे. त्या राखेचा खालीं टणक थर झाल्यामुळें तेथें झाडें रुजत नाहींत. मात्र गवत कॅल्शियम व फॉस्फरस ह्यांनीं समृद्ध असतें, आणि दूध पाजणाऱ्या आईस नेमकें तेंच हवें असतें. येथें बहुतेक माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आंत वितात. वासरूं दहा मिनिटांच्या आंत उभें राहतें आणि थोड्याच वेळांत आईबरोबर पळूं लागतें. एकदम एवढीं वासरें जन्मास आल्यामुळें सिंह व तरस ह्यांनीं कितीही खाल्लीं तरी त्यांचें पोट आधीं भरतें, आणि बहुसंख्य वासरें वांचतात. तीं वर्षभर थोडथोडीं जन्मतीं, तर एकेक करून सगळींच वेंचलीं गेलीं असतीं.

एप्रिल-मे सरतां सरतां हीं मैदानें वाळतात. पाणी आटतें, आणि जें उरतें तें खारट होतें. मग कळप वायव्येकडे ग्रुमेटी नदीच्या बाजूस व तेथून उत्तरेस मारा नदीकडे सरकतात, कारण उत्तरेस पाऊस अधिक पडतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर ते मारा नदीच्या आसपास चरतात आणि नोव्हेंबरांतील पावसाबरोबर पुन्हां दक्षिणेची वाट धरतात. ह्या लाखोंच्या मेळ्याला पुढारी असा कोणी नाहीं.

चरण्यांतही एक क्रम आहे, आणि आमच्या वाचकभगिनींस तो सहज उमजेल. घरच्या पंगतींसारखाच तो आहे. पहिली पंगत झेब्र्यांची. त्यांस उंच, जाडेंभरडें, काड्यांचें गवत चालतें. तें खालीं आलें कीं आंतील पानें मोकळीं होतात, तीं नू खातात. त्यांच्या मागून टॉमसन नांवाचें लहान हरिण येतें आणि जमिनीलगतचे कोवळे कोंब व वनस्पती टिपतें. फरक इतकाच, कीं येथें मागच्या पंगतीस उष्टें नव्हे, तिला हवें तेंच वाढलेलें मिळतें.

मारा नदी ओलांडण्याचें दृश्य चित्रपटांमुळें सर्वांच्या परिचयाचें झालें आहे, आणि त्यांत मगरींचेंच कौतुक फार. वास्तविक मगरींच्या तोंडीं पडतात त्यांहून कितीतरी अधिक जनावरें चेंगरून व बुडून मरतात. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दरवर्षीं सरासरी ६,२५० कलेवरें नदींत पडतात असें आढळलें. मांस गिधाडें, मासे व मगरी खातात. हाडें मात्र सुमारें सात वर्षें विरघळत राहून पाण्यांत फॉस्फरस सोडतात. दक्षिणेच्या राखेंतून गवतांत व गवतांतून हाडांत आलेलें द्रव्य असें उत्तरेच्या नदीस पोंचतें.

आतां ज्या प्रकरणाशीं आपल्या देशाचाही धागा जुळतो, त्याकडे वळूं. गुरांचा बुळकांडी हा रोग आपल्याकडील शेतकऱ्यांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक होता. १८८७ सालीं इटालियन सैन्यासाठीं लाल समुद्राकांठच्या मसावा बंदरांत आणलेल्या गुरांबरोबर तो पूर्व आफ्रिकेंत शिरला. तीं गुरें बहुधा हिंदुस्थानांतून आलीं होतीं. पुढील दहा वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोंकापर्यंत गेला. दहांपैकीं आठ-नऊ गुरें मेलीं. इथिओपियांत दुष्काळ पडून सुमारें एक तृतीयांश प्रजा नाहींशी झाली असा अंदाज आहे. गुरांवरच जगणारे मसाई लोक उपाशी मेले. रानांतील नू व रेडेही ह्याच रोगानें पडले.

औषधाच्या इतिहासांतही आपला वांटा आहे. १८८९ सालीं पुण्यास गुरांच्या रोगांसाठीं एक सरकारी प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ सालीं कुमाऊंतील मुक्तेश्वरास नेण्यांत आली. तेथें १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स नांवाच्या शास्त्रज्ञांनीं रोगाचा विषाणु बकऱ्यांच्या शरीरांतून वारंवार नेऊन सौम्य केला व त्याची लस बनविली. पुढें त्या रीतीच्या लशी आफ्रिकेंतही वापरांत आल्या, आणि वॉल्टर प्लाउराइट ह्यांनीं केनियांत त्यांहून सुरक्षित लस तयार केली. सेरेंगेटीभोवतालच्या गुरांस लस टोंचली गेली आणि १९६३ च्या सुमारास नूंमधूनही रोग नाहींसा झाला. एकाही नूस कोणीं सुई लावली नव्हती! १९६१ सालीं त्यांची संख्या सुमारें अडीच लक्ष होती. १९७७ सालीं ती तेरा लक्षांच्या घरांत गेली. एवढीं तोंडें गवत खाऊं लागल्यावर वणव्यांस जळण उरलें नाहीं, आणि वणवे कमी झाले तशीं झाडें वाढलीं. बुळकांडीचें पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ सालीं झाली.

रोग गेला, तरी वाट मोकळी राहीलच असें नाहीं. जर्मन प्राणितज्ज्ञ बर्नहार्ट ग्रझिमेक व त्यांचे पुत्र मिखाएल ह्यांनीं झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेल्या लहान विमानांतून सेरेंगेटींतील जनावरें मोजलीं. उद्यानाच्या योजलेल्या नव्या सीमा कळपांच्या वाटांशीं जुळत नाहींत, हें त्यांनीं दाखविलें. १९५९ च्या जानेवारींत विमानास गिधाड आदळून चोवीस वर्षांचे मिखाएल मृत्यु पावले. त्या पितापुत्रांविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु उद्यानांत माणूस नकोच, हें त्यांचें मत आम्हांस मान्य नाहीं. मसाई लोकांस त्याच सुमारास सेरेंगेटींतून निघून जावें लागलें. नूच्या वासरांपासून गुरांस एक प्राणघातक ज्वर होतो हें जाणून विण्याच्या दिवसांत आपलीं गुरें त्या कुरणांपासून दूर राखणारे हे लोक. शेजार कसा करावा हें त्यांस कोणीं शिकवावयास नको होतें.

कुंपण काय करतें तें बोट्स्वानांत दिसलें. गुरांचा लाळ-खुरकत रोग पसरूं नये म्हणून तेथें १९५८ सालीं कूके नांवाचें लांबच लांब तारेचें कुंपण घातलें गेलें. पुढें १९८३ च्या अवर्षणांत पाण्याकडे निघालेले नू त्या तारांशीं अडले आणि हजारोंनीं तहानेनें मेले. केनियांतील लोइटा मैदानांतून मारापर्यंत येणारा एक निराळा कळप होता. गव्हाचीं शेतें व खासगी कुंपणें वाढत गेलीं तसा तो अगदीं रोडावला. सेरेंगेटीच्या मोठ्या कळपाविषयींही शंका उत्पन्न झाली आहे: उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या २०२२ व २०२३ सालच्या गणनांत सहा लक्षांहूनही कमी नू भरले. ही घट खरी कीं मोजण्याच्या रीतींतला भेद, ह्यावर जाणत्यांचें एकमत नाहीं.

२०१० सालीं टांझानिया सरकारनें उत्तर सेरेंगेटींतून हमरस्ता नेण्याचें ठरविलें होतें. पूर्व आफ्रिकेच्या न्यायालयानें २०१४ सालीं त्यास मनाई केली. रस्ता मागणारे गांवकरी कांहीं जनावरांचे वैरी नव्हेत. त्यांस दवाखाना हवा, बाजारपेठ हवी. उद्यानाच्या दक्षिणेकडून वळसा घालून जाणारा दुसरा मार्ग तेव्हांच सुचविला गेला होता. तो लांब पडतो खरा; परंतु त्याच्या कडेला माणसांची वस्ती अधिक आहे.