आत मऊ, बाहेर कडक!

चॉकलेटच्या कुकीच्या पोटात कधीकधी कॅरमेल भरलेले असते. साखर, लोणी आणि साय आटवून ते करतात. भाजताना कुकीला तडा गेला, तर थोडे कॅरमेल ट्रेवर ओघळते. गार झाल्यावर पाहा: आतले कॅरमेल बोटाने ताणता येते, पण ट्रेवरचा ओघळ चिक्कीसारखा काडकन मोडतो. पदार्थ एकच, भट्टीही एकच. असे का व्हावे?

विद्यार्थी मित्रांनो, यातली मेख पाण्यात आहे. समुद्रसपाटीला शुद्ध पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. त्यात साखर विरघळली की उत्कलनबिंदू चढतो, आणि पाणी आटेल तसा चढतच जातो. सुमारे ११५ अंशांना पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला तर त्याची मऊ गोळी होते; घरातला गोळीबंद पाक तो हाच. १५० अंशांच्या आसपास पाणी जेमतेम एक टक्का उरते व असा पाक थंड होताच काचेसारखा ठिसूळ बनतो. म्हणजे तापमापक येथे उरलेले पाणीच मोजतो! (आजी तेच काम दोन बोटांनी करते.)

आता भट्टीत डोकावू. तेथे १८० अंश आहेत खरे. परंतु कुकीच्या ओलसर पिठातील पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते. त्यामुळे दहा-बारा मिनिटांत कुकीचे पोट कसेबसे १०० अंशांपर्यंत पोहोचते. कॅरमेल मुळात ११८ अंशांपर्यंत आटवलेले असते. ते वितळते, पण उकळत नाही. त्यातले पाणी त्यातच राहते. ट्रेवरच्या पातळ ओघळाला असे कवच कोठले?

हे करून पाहताना मोठे माणूस जवळ हवेच. उकळते पाणी अंगावरून ओघळून जाते; पाक मात्र चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. भट्टीतून काढलेली कुकीही वरून निवली तरी आतून कढतच असते.