कुमारांच्या निजेची वेळ कोणीं ठरवावी?

रात्रींचे साडेअकरा वाजलेले असतात. घरांत निजानीज झालेली असते. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाच्या खोलींतील दिवा अजून जळतच असतो. आई दारांतून हांक मारते, "अरे, सकाळीं सहाला उठायचें आहे ना?" आंतून उत्तर येतें, "झोंपच येत नाहीं, तर निजूं कसा?" आईला हें उत्तर कांगावा वाटतें आणि मुलाला आईचा आग्रह जाच वाटतो. घरोघरीं होणाऱ्या या वादांत खरें कोणाचें? आश्चर्याची गोष्ट अशी कीं, शास्त्र दोघांच्याहि बाजूनें साक्ष देतें.

प्रथम मुलाची बाजू. मेंदूंत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची जेथें फुली पडते त्याच्या किंचित् वर, पेशींचा एक सूक्ष्म समूह आहे. शरीराचें घड्याळ तें हेंच. अंधार पडला म्हणजे त्याच्या इशाऱ्यानें पिनीअल ग्रंथींतून मेलाटोनिन नांवाचा स्राव रक्तांत उतरूं लागतो आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. वयांत येतांना ही वर्दी पूर्वीपेक्षां उशिरां पोंचूं लागते. शिवाय दिवसभराच्या जागरणानें साठणारी झोंपेची ओढहि या वयांत सावकाश वाढते. अमेरिकेंतील संशोधिका मेरी कार्स्केडन यांनीं या विषयाचा अनेक वर्षें अभ्यास केला आहे. जर्मनींतील टिल रोनेबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं दाखवून दिलें कीं, निजेची वेळ लांबत जाण्याचा हा क्रम विसाव्या वर्षाच्या सुमारास थांबतो व मग उलट फिरतो. तेव्हां नऊ वाजतां अंथरुणावर पडून आढ्याकडे पाहत राहणारा मुलगा आळशीहि नसतो आणि उद्धटहि नसतो.

आतां आईची बाजू. निजेची वेळ लांबली म्हणून झोंपेची गरज कांहीं कमी होत नाहीं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना रोज ८ ते १० तास झोंप हवी, असें अमेरिकेंतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेनें २०१६ सालीं सांगितलें. ज्याची शाळा सातला भरते व ज्याला सहाला उठावें लागतें, त्याला आठ तास मिळावयाचे तर दहाला झोंप लागलीच पाहिजे. पण शिकवणीचा वर्ग नऊला सुटतो, मग जेवण, मग गृहपाठ आणि त्यानंतर हातांत मोबाइल! हिशेब चुकतो तो येथें. ही तूट वर्गांतील पेंग, चिडखोरपणा आणि पाठ केलेलें ऐन वेळीं न आठवणें या रूपांनीं वसूल होते.

परिणाम एवढ्यावरच थांबत नाहींत. कोलंबिया विद्यापीठांतील जेम्स गँगविश व सहकारी यांनीं अमेरिकेंतील १५,६५९ विद्यार्थ्यांची माहिती तपासून २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. आईबापांनीं दहाची किंवा त्याआधींची वेळ घालून दिलेल्या मुलांच्या तुलनेनें, मध्यरात्र वा त्यानंतरची वेळ असलेल्या मुलांत नैराश्याचा संभव शेंकडा २४ नीं, व आत्महत्येचे विचार येण्याचा संभव शेंकडा २० नीं अधिक आढळला. अशा पाहणीनें कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाहीं. ज्या घरांत निजेकडे लक्ष असतें, तेथें इतर गोष्टींकडेहि असूं शकतें. तरी या फरकामागें झोंपेच्या कमीअधिक तासांचा हात असल्याचें त्यांना दिसून आलें.

तात्पर्य, वेळ ठरवून द्यावी. पण ती कशी ठरवावी यांतच सारें मर्म आहे. झोंप हुकुमानें येत नाहीं. आईबापांच्या हातीं असतें तें तिची वाट मोकळी करणें. मुलाशीं बोलून, उठण्याच्या वेळेपासून उलट मोजून ही वेळ ठरवावी. मध्यरात्रीं निजणाऱ्याला एकदम दहाला निजविण्याचा हट्ट धरूं नये; दर दोन-चार दिवसांनीं पंधरा मिनिटें अलीकडे यावें. निजण्यापूर्वीं तासभर दिवे मंद करावे आणि मोबाइल बैठकीच्या खोलींत ठेवावा; वडिलांचाहि तेथेंच असावा. सायंकाळनंतर चहा-कॉफी नको. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला कीं मागें पडलेलें शरीराचें घड्याळ वळणावर येतें, म्हणून उठल्याबरोबर गच्चींत वा खिडकीशीं यावें. रविवारीं तासभर अधिक निजूं द्यावें; दुपारपर्यंत निजल्यास सोमवारची सकाळ अधिकच जड जाते.

मात्र सारा भार घरावरच टाकणें न्यायाचें नव्हे. कॅलिफोर्निया राज्यांत २०१९ सालीं संमत झालेल्या व २०२२ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें बहुतेक उच्च माध्यमिक शाळा साडेआठपूर्वीं भरविण्यास मनाई झाली. महाराष्ट्र शासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें चौथीपर्यंतचे वर्ग नऊपूर्वीं भरवूं नयेत, असा निर्देश दिला. परंतु ज्यांचें घड्याळ खरोखर मागें पडलेलें असतें, त्या नववी-दहावीच्या मुलांचा त्यांत समावेश नव्हता.

दारांत उभ्या असलेल्या आईनें "नीज आतां" म्हणावें हें योग्यच. फक्त "झोंप येत नाहीं" हें मुलाचें म्हणणें तिनें खोटें मानूं नये. आपल्या बोलण्यावर विश्वास ठेवूनच ही वेळ ठरली आहे, असें त्याला पटलें म्हणजे दहाचा ठोका त्याला शिक्षा वाटणार नाहीं.