वायूचा दाब आणि मुंबईहून गेलेला एक निबंध

सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें दाबून धरलें आणि दांडा आंत लोटला, तर आंतील हवा बोटाला जोरानें रेटते. हवेला हा जोर कोठून मिळतो? १६६२ मध्यें रॉबर्ट बॉइल यांनीं या जोराचा नियम प्रसिद्ध केला. उष्णतामान कायम ठेवून हवेचें घनफळ निम्में केलें, कीं तिचा दाब दुप्पट होतो. नियम हातीं आला, परंतु त्याचें कारण सर्वमान्य होण्यास जवळजवळ दोन शतकें लोटलीं. डॅनियल बर्नुली यांनीं १७३८ मध्यें तें सुचविलें होतें. पण त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. उष्णता हा एक वजनरहित, सूक्ष्म असा द्रव आहे, अशीच समजूत पुढेंही पुष्कळ काळ प्रचलित होती.

या समजुतीला छेद देणारा एक निबंध १८४५ मध्यें मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला. त्याचे लेखक जॉन जेम्स वॉटर्स्टन हे मूळचे एडिंबरोचे. १८३९ पासून ते मुंबईंत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना शिकवीत असत.

त्यांचें म्हणणें असें: वायूचे असंख्य रेणु सर्व दिशांना धांवत असतात आणि भांड्याच्या भिंतींवर आदळून उसळतात. या आघातांची बेरीज म्हणजेच दाब. घनफळ निम्में केलें, कीं रेणूंची दाटी दुप्पट होते, आघातही दुप्पट होतात आणि बॉइलचा नियम आपोआप सिद्ध होतो. रेणूंचा वेग दुप्पट केला, तर आघातांची संख्या दुप्पट आणि प्रत्येक आघाताचा जोरही दुप्पट. म्हणून दाब चौपट. उणें २७३ अंशांपासून मोजलेलें उष्णतामान हें या वेगाच्या वर्गाच्या सरासरीचेंच माप होय. तात्पर्य, वायूची उष्णता म्हणजे निराळा पदार्थ नव्हे, तर रेणूंची गति.

याहून मोलाचा निष्कर्ष पुढेंच आहे. एकाच उष्णतामानाच्या दोन वायूंत रेणूचें वजन आणि सरासरी वेगवर्ग यांचा गुणाकार सारखाच भरतो. ऑक्सिजनचा रेणु हायड्रोजनच्या रेणूहून सोळापट जड. म्हणून हायड्रोजनचा रेणु चौपट वेगानें धांवतो.

खोलींतील हवेचे रेणु सेकंदाला सुमारें ५०० मीटर वेगानें जातात. मग उदबत्तीचा सुगंध पलीकडच्या कोपऱ्यांत पोंचण्यास वेळ कां लागतो? १८५८ मध्यें रुडॉल्फ क्लॉसियस यांनीं ही शंका फेडली. मिलिमीटरचा दहाहजारावा हिस्सा सरळ जाण्यापूर्वींच रेणूची बहुधा दुसऱ्या रेणूशीं टक्कर होते आणि त्याची वाट बदलते.

या गणितांत रेणूंना आकारमान नाहीं व परस्परांविषयीं आकर्षण नाहीं, असें गृहीत धरलेलें असतें. अशा कल्पित वायूस आदर्श वायु म्हणतात. साधी हवा त्याच्या पुष्कळच जवळ असते. परंतु फार दाबलेला किंवा फार थंड केलेला वायु हे नियम सोडूं लागतो. त्यासाठीं १८७३ मध्यें व्हान डर वाल्स यांनीं नियमांत दुरुस्ती केली.

वॉटर्स्टन यांच्या निबंधाची मात्र उपेक्षा झाली. सोसायटीच्या एका परीक्षकानें तो निव्वळ निरर्थक ठरविला. १८४६ मध्यें त्रोटक सारांश तेवढा छापला गेला. सभेंत वाचला गेलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा, या रिवाजामुळें हस्तलिखितही परत मिळालें नाहीं. आणि लेखकाजवळ दुसरी प्रत नव्हती. पुढें क्लॉसियस आणि मॅक्सवेल यांनीं स्वतंत्रपणें तोच मार्ग आक्रमिला व कीर्ति संपादन केली. वॉटर्स्टन १८८३ मध्यें निवर्तले.

१८९१ मध्यें लॉर्ड रॅले यांना सोसायटीच्या दप्तरांत तें हस्तलिखित सांपडलें आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं तें छापविलें. प्रस्तावनेंत त्यांनीं खेदानें नमूद केलें, कीं निबंध वेळीं प्रसिद्ध न झाल्यामुळें या शास्त्राची प्रगति बहुधा दहा-पंधरा वर्षें मागें पडली.